भरली की सुटते

‘‘भरली की सुटते.’’

घोटीत मला मिळालेलं पहिलं वेळापत्रक एवढंच. सिन्नर चौफुलीपाशी उभ्या असलेल्या जीपवाल्याला मी विचारलं होतं, ‘‘दादा, वासाळीकडे जायची गाडी किती वाजता?’’ त्याने आधी माझ्या हातातल्या फायली पाहिल्या, मग पायातली पांढरी सँडल पाहिली, उत्तर दिलं आणि मला आत बसायला सांगितलं. आत एक आजी आधीच बसल्या होत्या. म्हटलं, दोघी झालो, आता आणखी सात-आठ जण आले की निघेल. आजींनी माझा हिशेब ओळखला. ‘‘धा-बाराशिवाय नाही हालत बाई ती,’’ त्या म्हणाल्या आणि पिशवीतून अडकित्ता काढून सुपारी कातरायला लागल्या.

मी सोलापूरची. बँकेत कृषी अधिकारी म्हणून लागले आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर घोटीला बदली झाली. गाव नकाशात शोधावं लागलं. मुंबईहून येताना कसाऱ्याचा घाट चढला की इगतपुरी, आणि त्यानंतरचं पहिलं स्टेशन घोटी. लांबच्या बहुतेक गाड्या इथे न थांबता निघून जातात. आमच्या घरात चर्चा झाली ती फक्त पावसाची. सोलापुरात वर्षाकाठी ५००-६०० मिलिमीटर पाऊस झाला तर लोक समाधानी असतात. इगतपुरी तालुक्याच्या पश्चिम भागात ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणजे आमचा वर्षाचा कोटा इथे जुलैतल्या पंधरवड्यात उरकून जातो. आईने दोन छत्र्या दिल्या. दोन्ही पहिल्याच आठवड्यात उलट्या होऊन मोडल्या. इथे लोक छत्रीच्या भरवशावर राहत नाहीत. डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ घेतात, शेतात तर घेतातच, रस्त्यावरही. घरमालकीण काकूंनी माझ्या मोडक्या छत्र्या पाहिल्या आणि काही न बोलता एक निळी खोळ दारात आणून ठेवली.

काम असं की, पीक कर्जाच्या अर्जदाराची जमीन प्रत्यक्ष जाऊन पाहायची. सातबाऱ्यावर भात लिहिलेला आहे, तर खाचरात भात आहे ना, एवढं बघून यायचं. मला गाडी चालवता येत नाही, शाखेची गाडी वसुलीवाल्यांकडे असते, म्हणून जीप.

मी शहरात आणि एसटीवर वाढलेली मुलगी. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून महाराष्ट्रात गाडीची वेळ फळ्यावर लिहिलेली असते. ती त्या वेळेला सुटते का, हा वेगळा विषय. पण एकही प्रवासी नसला तरी एसटी निघते. जीपला ते परवडत नाही. तिच्या डिझेलचे पैसे आत बसलेल्यांच्याच खिशातून यायचे असतात, आणि दुपारी परतताना गाडी अर्धी रिकामी येणार हे चालकाला माहीत असतं. म्हणून जाताना तो एकेक जागा भरून घेतो, आणि मग नसलेल्या जागाही भरतो. मागच्या दारात पाय टेकून उभी असलेली पोरं मी पाहिली आहेत. ते बेकायदा आहे, घाटरस्त्यात जिवावरचं आहे, आणि त्याचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. मला सांगायचं आहे ते त्याआधीच्या वेळेबद्दल. गाडी उभी आहे, अर्धी भरली आहे, आणि कुणालाच काही करता येण्यासारखं नाही, त्या वेळेबद्दल.

सुरुवातीला तो वेळ मी मोबाइलकडे बघत आणि मनातल्या मनात चडफडत काढला. चौदा-पंधरा वेळा घड्याळ पाहिल्यावर आजींनी सुपारीचं खांड पुढे केलं. ‘‘कुढं चालली?’’ मी गाव सांगितलं. ‘‘कोणाकडं?’’ हे सांगावं की नाही? कर्जदाराचं नाव असं जीपमध्ये सांगायचं नसतं, प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी म्हटलं, बँकेचं काम आहे. आजींनी मान हलवली आणि त्या गावात कोणाकोणाच्या घरी या साली कर्ज लागणार, हे कारणासकट सांगितलं. एकाच्या मुलीचं लग्न, एकाचा बैल गेलेला, एकाचा बांध फुटलेला. माझ्या फायलीत जी माहिती आठ कागदांवर होती, तिच्याहून अधिक त्यांच्या तोंडी होती. आणि अगदी बरोबर होती, हे नंतर जागेवर कळलं.

पु.लं.च्या ‘म्हैस’मध्ये प्रवाशांची ओळख व्हायला गाडीपुढे म्हैस यावी लागते. घोटीत तेवढ्या अपघाताचीही गरज नाही.

एका पावसाळी दुपारचं मात्र नीट सांगते, कारण ती मी विसरणार नाही. जीप जवळजवळ भरली होती. युरियाची गोणी टपावर चढली होती, ताडपत्री बांधून झाली होती. भोकं पाडलेल्या खोक्यात कोंबडीची पिल्लं घेऊन एक बाई बसल्या होत्या आणि खोक्यातून सारखी चिवचिव चालू होती. पिंपळगाव मोरला उतरणाऱ्या कॉलेजच्या दोन मुली, एक शिक्षक, मी. पुढची, चालकाशेजारची जागा रिकामी. कुणी तिकडे वळलं की चालक म्हणायचा, ‘‘ती धरलीय.’’ मी विचारलं, कोणासाठी? ‘‘दवाखान्यातून येतायत.’’ बस्स. कोण, कधी, काही नाही. मला वाटलं, आता लोक कुरकुर करतील. कुणी केली नाही. शिक्षकांनी वर्तमानपत्राची दुसरी घडी उघडली. मुलींपैकी एक उतरली आणि भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली. उकडलेल्या, गरम. तिने न विचारता सगळ्यांच्या हातावर थोड्या थोड्या ठेवल्या, माझ्याही. चालकाने मात्र एका पोराला दवाखान्याकडे पिटाळलं, कागद मिळाले का बघून ये म्हणून.

मग ते आले. नवरा पुढे, दोन्ही हातांत पिशव्या. मागे सासू आणि सासूच्या खोळीखाली सून. सून गाडीत चढणार कशी, हा प्रश्न होता, कारण पायरी उंच, चिखल, आणि नुकतीच बाळंतीण. सासूने गाडीत नजर फिरवली, प्रत्येकाकडे एकदा पाहिलं आणि जे गाठोडं छातीशी धरलं होतं ते सरळ माझ्या हातात दिलं. ‘‘तुमचं अंग कोरडंय,’’ एवढंच कारण. खरंच, मी बराच वेळ आत बसून होते, बाकी सगळे भिजून आलेले.

तोवर मी इतकं लहान मूल कधी हातात घेतलं नव्हतं. बहिणीच्या मुलालाही घेतलं ते तीन महिन्यांचा झाल्यावर, आईने मागे हात धरून. जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेलं, चेहरा माझ्या तळहाताएवढा, कपाळावर काजळाचा ठिपका, डोळे मिटलेले. माझे खांदे ताठ झाले. शेजारच्या पिल्लंवाल्या बाईंनी माझा कोपर दोन बोटांनी वर उचलला आणि मानेखाली नेऊन ठेवला. ‘‘हां. आता सोडा अंग.’’ सून पुढे बसली, सासू तिच्या शेजारी दाटीने बसली. आता बाळ परत मागतील म्हणून मी वाट पाहिली. सासूने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘निजलीय ना? मग राहू द्या.’’

आणि गाडी सुटली.

दारणेचा पूल ओलांडला तेव्हा पाणी लाल, गढूळ, काठोकाठ होतं. एरवी ह्या रस्त्यावर गाणी लावणारा चालक त्या दिवशी एकही गाणं न लावता, खड्डा आला की जवळजवळ थांबून, मग पुढे जात होता. काय झालं, असं कुणीतरी विचारलं. ‘‘पोरगी.’’ त्यावर मागच्या बाकावरून एक म्हातारं माणूस म्हणालं, ‘‘आवणीत जन्मली. हिला काम काही चुकायचं नाही.’’ सगळे हसले, सूनही हसली, आणि मग क्षणभर कुणीच बोललं नाही, कारण ते खरं होतं. खिडकीबाहेर त्याच वेळी खाचरांतून बायकांच्या रांगा वाकून रोपं लावत होत्या.

मला उतरायचं होतं त्या फाट्यावर मी बाळ सासूच्या हाती दिलं. तिने माझं नाव विचारलं नाही, मीही त्यांचं विचारलं नाही. सोलापुरात माझ्या मजल्यावर कोण राहतं हे मला नीट सांगता येत नाही, तिथे मी नावानिशी ओळखत असलेल्या माणसांपेक्षा ह्या बिननावाच्या कुटुंबाच्या जास्त जवळ बसले होते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत घोटीत पहाटेपासून आणखी एक वाट पाहणं चालतं. पेठ, सुरगाणा, हरसूल, मोखाडा, जव्हार अशा भागांतून मजूर येतात. डोक्यावर बोचकी, त्यात कपडे, थोडं धान्य, एखादं भांडं. नवरा-बायको, कधी पोरंही. रस्त्याकडेला बसून राहतात. इगतपुरी तालुक्यातले आणि आसपासचे शेतकरी गाडी घेऊन येतात, भाव ठरतो, रोजावर की उक्तं, जेवण कोणाचं, मुक्काम कुठे, हे ठरतं, आणि टोळी गाडीत बसून निघून जाते. भाताचं असं आहे की, रोप तयार झालं आणि पाऊस लागला की सगळ्यांना मजूर एकाच आठवड्यात हवे असतात. त्या आठवड्यात मजुराला भाव मिळतो. पाऊस लांबला की तेच मजूर दुकानांच्या वळचणीला दोन-दोन दिवस बसून राहतात.

सकाळी शाखेत जाताना मी त्यांच्यामधून जात असे. एका बाईने एकदा मला विचारलं, ‘‘बाई, तुमची किती खाचरं?’’ तिला मी मजूर शोधणारी शेतकरीण वाटले. माझी खाचरं नाहीत, मी बँकेत आहे म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. तिने लगेच दुसरीकडे पाहायला सुरुवात केली, आणि ते बरोबरच होतं. माझ्याशी बोलण्यात तिची एखादी गाडी चुकली असती. जीपमधला माझा तास भरपगारी असतो. तिचा तसा नसतो. वाट पाहण्यात माणसं भेटतात, असं मी जेव्हा जेव्हा कौतुकाने कुणाला सांगते, तेव्हा ही बाई मला आठवते आणि मी जरा आवाज खाली आणते.

कळसूबाईला गेले ती नवरात्रात, तीही जीपमधल्या ओळखीवरच. सुपारीवाल्या आजी पुन्हा भेटल्या होत्या. त्या दर साली जातात. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, हे मला चौथीच्या भूगोलापासून पाठ. त्यावर सत्तरी ओलांडलेली बाई अनवाणी चढून ओटी भरते, हे भूगोलात नव्हतं. मी नवे बूट घेतले होते.

पायथ्याच्या बारी गावातून आम्ही अंधारातच निघालो. माझ्या पुढेमागे बायकाच बायका, डोक्यावर टोपल्या, हातात बांगड्यांची पाकिटं आणि खण. अवघड जागी लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. पहिल्या शिडीपाशी माझी पाचावर धारण बसली. खाली बघू नको, असं मला चार वेगवेगळ्या आवाजांत सांगण्यात आलं, त्यामुळे मी खाली पाहिलं. मग मागून एका मुलीने माझ्या पोटऱ्यांना हात लावला. मी पडले असते तर तिच्यासकट पडले असते, तिच्या हाताने काही थांबलं नसतं, हे दोघींनाही माहीत होतं. पण तो हात होता म्हणून मी चढले.

आजींनी वाटेत देवीची गोष्ट सांगितली. काळसू नावाची मुलगी होती. ती एका पाटलाकडे कामाला राहिली, पण अट घालून. सगळं काम करीन, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एके दिवशी घरात पाहुणे आले, आणि तिला तीच दोन कामं करायला लावली. तिने केली आणि ती डोंगरावर निघून गेली ती कायमची. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा.

मी तिथेच दगडावर बसले, दमही लागला होताच. अटी-शर्ती मोडल्या म्हणून करार संपवून निघून गेलेली बाई, आणि तिचं देऊळ राज्यात सगळ्यात उंचावर. मी दिवसभर करारांवर सह्या घेते, मला ही देवी फार पटली. आजींना मी तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, ‘‘मग तू बी सांग ना तुझ्या सायबाला.’’ म्हणजे माझ्या शाखेतल्या भांडणाची बातमीही जीपमधून त्यांच्यापर्यंत पोचली होती.

वर देऊळ अगदी छोटं, चार-सहा माणसांत भरून जाणारं. ढग होते म्हणून अलंग, मदन, कुलंग काही दिसलं नाही. लोक म्हणाले, पुन्हा या. खाली येताना एका बाईने ताक दिलं. ते सगळं सामान तिने पहाटे डोक्यावर वर आणलं होतं, त्यामुळे किमतीबद्दल कुणी घासाघीस करत नव्हतं. निदान करू नये. शनिवार-रविवारी शहरातून येणारे काही जण करतात, असं तिनेच सांगितलं.

दिवाळीनंतर भात कापून झाला आणि घोटीचं रूप पालटलं. राइस मिलांचा आवाज वाढला, हवेत कोंड्याची धूळ. शनिवारच्या आठवडे बाजारात तांदळाच्या राशी. आम्ही भाकरी खाणारी माणसं, आमच्या घरात भात सणासुदीला आणि आजाऱ्याला. ज्वारीचं काय विचाराल ते सांगते, कारण मंगळवेढ्याची ज्वारी ही आमची शान, २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण इंद्रायणी, कोळपी, गरी, एक हजार आठ? दुकानदार नावं घेत होता आणि प्रत्येक नावाबरोबर एक मूठ माझ्या ओंजळीत ओतत होता. मला सगळे दाणे सारखे. त्याने मग वेगळा प्रश्न विचारला. ‘‘खाणार कोण?’’

हा प्रश्न मला आधी खोचक वाटला. पण त्याचा अर्थ सरळ होता. पाहुण्यांसाठी हवा असेल तर सुवासिक इंद्रायणी. ती काही इथली पिढीजात जात नाही, वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ती काढली, १९८७ साली, आणि आज सगळ्या मावळपट्टीत, इगतपुरीतही तीच फार लावतात. रोज दोन वेळ खाणारं कष्टाचं घर असेल तर पोटाला टिकणारा जाडसर तांदूळ. आजारी माणूस असेल तर जुना. नवा तांदूळ चिकट होतो, त्याला पाणी कमी, जुन्याला जास्त आणि तो फुलतोही जास्त. हे सगळं तो सांगत असताना शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने माझ्या ओंजळीतला एक दाणा उचलून दातांखाली धरला, कट्कन तोडला आणि ‘‘अजून ओला हाय, महिनाभर थांब,’’ असं दुकानदारादेखत सांगितलं. दुकानदार चिडला नाही. ‘‘बरोबर आहे मावशीचं,’’ म्हणाला. मी थांबले. महिन्याने तिथूनच घेतला.

घरमालकीण काकूंबरोबर तेव्हापासून एक व्यवहार चालू झाला आहे. मी सोलापूरहून ज्वारीचं पीठ आणते आणि त्यांना भाकरी थापून देते. त्या मला नागलीची भाकरी देतात. त्यांच्या मते माझी भाकरी पांढरी आणि ‘उगाच मोठी’ असते. माझ्या मते त्यांची नागलीची गरम असतानाच खावी, गार झाल्यावर दातांची परीक्षा. दोघीही मतावर ठाम आहोत आणि दोघीही रोज खातो.

मुरमुऱ्याची भट्टी मात्र आवाजाने शोधली. घोटीला तांदूळ, भगर आणि मुरमुरे ह्या तिन्हींचा धंदा आहे. भगर म्हणजे सोललेली वरई, उपवासाला अख्खा महाराष्ट्र खातो ती. एका गल्लीतून जाताना सपासप असा आवाज आला म्हणून डोकावले. आत अंधार आणि आग. लोखंडी कढईत वाळू तापून काळी झालेली. एका माणसाने मिठाच्या पाण्याने मुरवून वाळवलेला तांदूळ त्यात टाकला, आणि मी एक श्वास घेते न घेते तोच कढई पांढरी होऊन वर आली. लगेच चाळणी खाली, वाळू गळून पुन्हा कढईत, मुरमुरे पोत्यावर. पुन्हा तांदूळ. घामाने निथळत तो माणूस न थांबता हे करत होता, भट्टीच्या तोंडाशी त्याची बायको भाताचं तूस टाकत होती. काहीच न विकत घेता मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बाईने सुपात थोडे मुरमुरे घेतले आणि माझ्यापुढे धरले. भट्टीतून निघालेला गरम मुरमुरा मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. तोंडात घातला की तो आहे-नाही कळेपर्यंत विरघळतो, मागे फक्त मीठ राहतं. पिशवीतले मुरमुरे खाऊन मोठं झालेल्या माणसाला हे समजावून सांगणं कठीण आहे. मी विचारलं, हे काम किती तास? ‘‘तूस संपेपर्यंत,’’ बाई म्हणाली. इथली वेळ अशीच मोजतात, हे तोवर मला कळायला लागलं होतं.

तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. मुंबई–नागपूर ७०१ किलोमीटर, शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, कसाऱ्याचा घाट टाळणारा जुळा बोगदाच जवळपास ८ किलोमीटरचा. मी त्याच्या विरोधात नाही. आजारी माणूस लवकर पोचतो, भाजी नासत नाही, आणि सोलापूरहून आई-बाबा आले तेव्हा बाबांनी तो रस्ता पाहायचाच म्हणून हट्ट धरला. त्यावरून पाहिलं तर घोटी दिसत नाही. दिसायचं कारणही नाही. त्या रस्त्यावर थांबायला मनाईच आहे.

बाबांना मी मग जीपमधून भंडारदऱ्याला नेलं. पाऊण तास गाडी भरायला लागली. पहिली दहा मिनिटं बाबा अस्वस्थ, सुरुवातीला मी घड्याळ पाहायचे तसेच. मग शेजारच्या शेतकऱ्याने त्यांना विचारलं, तुमच्याकडे उसाला काय भाव. पुढचे तीस किलोमीटर त्या दोघांनी बाकीच्यांना बोलू दिलं नाही. १९२६ मध्ये पुरं झालेलं विल्सन धरण आलं तरी बाबांचं लक्ष धरणाकडे नव्हतं. त्या माणसाने उतरताना बाबांना शेंडीत आपल्या मेहुण्याच्या घरी चहाला ओढून नेलं. कोरा चहा, गवती चहाची पात घातलेला. आईने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, ‘‘ओळखीचे आहेत का तुझ्या?’’ मी नाही म्हटलं. आई म्हणाली, ‘‘मग आपण काय देणार यांना?’’ तिने पर्समधून सोलापूरची शेंगदाणा चटणी काढून दिली. त्यांनी ती वास घेऊन, बोटाने चाखून, नीट कपाटात ठेवली.

तुम्ही कधी घोटीला उतरलात आणि भंडारदऱ्याकडे किंवा बारीला जायचं असेल, तर सकाळी लवकर जा, सुट्टे पैसे ठेवा आणि परतीची शेवटची गाडी कधी हे जातानाच त्याच चालकाला विचारून ठेवा, संध्याकाळनंतर भरवसा नाही. पावसाळ्यात छत्री नको, खोळ घ्या. तांदूळ घ्यायचा असेल तर दिवाळीनंतर महिनाभर थांबून घ्या, आणि दुकानदाराने ‘खाणार कोण’ विचारलं तर खरं सांगा. तो त्याप्रमाणेच देतो.